गंधबिरोज्याचं मलम

माहं माहेर केनवडचं, बाई. चौथी झाली अन् शाळा सुटली, वांग्याच्या वाफ्यात वाढली मी, अन् लगन झालं ते मानोऱ्याकडं, इथंबी तेच, वांगे, मिरच्या, सांबार म्हंजे कोथिंबीर. मलम करनं मात्र सासूनं शिकवलं. मंगरूळपिराले जडीबुटीच्या दुकानात गंधबिरोजा भेटते, चिडाच्या झाडाचा डिंक, ते झाड दूर पहाडात होते, मी तं पाह्यलंबी नाई. दुकानवाले चाचा सांगत, बहन, झाडाले कुऱ्हाडीनं घाव घालतात, मंग त्या घावावर झाडच हा डिंक आनते. तो तिळाच्या तेलात मंद आगीवर विरघळवाचा, गाळाचा, परातीतल्या थंड पान्यात वताचा अन् तळहातानं घोटत राहाचा, पानी बदलत, लोन्यासारखा पांढरा होईस्तोवर. टाचेच्या भेगा, केसतोड, चिखल्या, काईबी असो, गाव आमच्याच दारी.

अन् मार. काय सांगू तुले, मालक भाजी इकून आले का पिऊन येत, मंग कपाशीची पऱ्हाटी, काठी, हाती लागन ते. एकदा वखराच्या दांडीनं असं हानलं का पाठीची सालडी निघाली, लुगडं रक्तानं चिकटलं. सासू उंबरठ्यात बसून पाहे. ते थकले का परात घेऊन येये, फुंकर घालून मलम लावे, म्हने उगी राय, डागबी राहनार नाई. अन् खरंच नाई राह्यला. पंधरा दिसानं माहा भाऊ आला, म्हने दाखव कुठं मारलं. पाठ कोरी. सासूनं त्याले पुरनाची पोळी वाढली, तो खाऊन निघून गेला.

मालक गेले, सासू गेली, मलम माह्या हाती आलं. किती बायांच्या पाठी मी अशाच कोऱ्या केल्या असतीन.

औंदा पोळ्याच्या सनाच्या दुसऱ्या दिशी माह्या लेकानं सुनेचं कपाळ फोडलं, भाकर उलथाच्या लोखंडी सराट्यानं, कायले तं ती मोबाईलवर मायशी बोलत होती. मी वाफ्यातून धावत आली. रक्त तिच्या डोळ्यात उतरलेलं. म्हने आई, मलम आना. मी डबी उघडली, बोट बुडवलं, अन् भाऊ आठवला, ती पोळी आठवली. बोट पदराले पुसलं. म्हटलं नाई लावत. ती रडाले लागली, आई काहून वो, आग होऊन राह्यली. म्हटलं होऊ दे, चाल. लेक दारात आडवा, म्हने बुढे, तुहंबी टकुरं फोडीन. म्हटलं फोड, दोघीचं दाखवू. त्यानं ढकललं, माहं कोपर फुटलं, पन निघालो आमी. एसटीत कंडक्टर म्हने मावशी, फडकं तं बांधा. म्हटलं राहू दे बापा, दिसू दे लोकाईले.

डॉक्टरनं टाके घातले, लिहून घेतलं, ठान्यातबी लिहून घेतलं. केस चालू हाय. लेक दुसऱ्या गावी राह्यते, माहं तोंड पाहत नाई. सून माह्यापाशी हाय. टाके निघाल्यावर म्हटलं आता लावू का मलम, तं म्हने नको आई, निकाल लागेस्तोवर डाग राहू द्या.

मलम मी अजून करतो. मार खाल्लेली कोनी आली का पहिले म्हनतो, जाय, दाखवून ये, मंग लावतो. लेक माह्याच पोटचा हाय, बाई. सुखी राहो. दूर राहो.