मोहंदिस साहेबांचं हॉस्पिटल

मी मूळची मिरजेची. मिरज म्हटलं की लोकांना हॉस्पिटलं आठवतात, आणि आमचं घर त्या हॉस्पिटलांवरच चालायचं, म्हणजे वडील काही डॉक्टर नव्हते, त्यांची खानावळ होती, पेशंटच्या नातेवाइकांसाठी. कर्नाटकातून, कोकणातून माणसं यायची, पेशंट आत आणि ही सगळी आमच्या बाकावर पिठलं-भात खात बसलेली. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, वर्गात आम्ही दोनच मुली, मास्तर म्हणायचे, शैला, तुझी रेघ सरळ येते गं, पण पुढं तू पोळपाटावरच काढणार ती. तसं झालं नाही. लग्न होऊन दुबईला आले, हे एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर होते, आणि नव्वदच्या थोडं पुढं मला दुबईच्या देरा भागात, देऱ्यात, एका इराणी इंजिनिअरच्या ऑफिसात काम लागलं. आम्ही राहायला उम्म अल कुवैनला, तिथं भाडं कमी, यांच्या कंपनीची व्हॅन मला रोज देऱ्यात सोडायची.

साहेबांचं नाव करीमी, पण सगळे त्यांना मोहंदिस म्हणायचे. इराणी लोकांत इंजिनिअरला मोहंदिस म्हणतात, आपण डॉक्टर म्हणतो तसं, नावाच्या आधी. मग मीही मोहंदिस साहेब म्हणायला लागले आणि ते मला शैला-खानुम, खानुम म्हणजे बाई. आमची भाषा काय, तर हिंदी, तीही इकडची, दुबईची, मेरे को, तेरे को. पहिल्या दिवशी त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं, परत विचारला, मी परत नको म्हटलं, तर तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, मी बरं म्हटलं आणि कप समोर आला. म्हणाले, खानुम, हमारे यहाँ पहला ना किसी का ना नहीं होता, दुसरा भी नहीं. तीनदा विचारायचं, मग जे उत्तर येईल ते खरं. मी म्हटलं, साहेब, मिरजेत पण असंच आहे, फक्त आम्ही दोनदाच विचारतो. खूप हसले होते.

त्यांचं गाव समुद्राच्या पलीकडं, इराणात, लारच्या बाजूला. ऑफिसच्या खिडकीतून खाडी दिसायची, तिथून लाकडी लाँची फ्रिज, टायर, चहाची खोकी भरून इराणला सुटायच्या, तेवढंच अंतर हो, पण साहेब फारसे जायचे नाहीत. त्यांच्या गावातल्या निम्म्या घरांची माणसं आखातात, आणि तिथं एक रीत होती, जो परदेशात जाऊन कमावतो त्यानं गावाला पाण्याचं टाकं बांधून द्यायचं. वर घुमट असलेलं, पावसाचं पाणी साठवायचं. त्यांच्या आजोबांचं टाकं होतं, चुलत्यांचं होतं. साहेब म्हणायचे, आता नळ आलेत, टाकी कोण बांधणार, मी हॉस्पिटल बांधणार.

गुरुवारी आमचा हाफ डे असायचा. दुपारी साहेबांचे इराणी दोस्त जमायचे, कुणी गालिचेवाला, कुणी बँकेतला, आणि एकच विषय, आपण बाहेर राहून आपल्या देशासाठी काय करायचं. काय सांगू तुम्हाला, पत्रे उडतील असा आवाज. बोलायचे फारसीत, पण मी नकाशा पुरा करत बसलेली असले की साहेब मधेच हिंदीत मला सांगायचे, जसं काही मी पंच. गालिचेवाले सोहराब म्हणायचे, आधी वरची माणसं बदलली पाहिजेत, तोपर्यंत हॉस्पिटल काय आणि शाळा काय, आपण इथून बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे, जगाला ओरडून सांगितलं पाहिजे. साहेब म्हणायचे, सोहराब-जान, तू इथं एसीत बसून ओरडणार आणि मार तिथं तुझ्या पुतण्याला बसणार. असं काहीतरी करू या जे कुठल्याही सरकारला मोडावंसं वाटणार नाही. त्यावर सोहराब म्हणायचे, म्हणजे सरकारचं काम तू फुकटात करणार, शाबास, मोहंदिस, तुझा पुतळा बसवतील. मग दोघं भांडणार, आणि पिस्त्याची बशी संपली की यल्ला, चला, म्हणून उठणार. मला दोघांचंही पटायचं, आजही पटतं.

साहेबांची मुलगी नसरीन. एकुलती एक. जन्म तिकडचा, वाढली दुबईत, वडिलांनी फारसीत विचारलं तर उत्तर इंग्लिशमध्ये, आमच्या मुलासारखंच, निखिलसारखं. ती डॉक्टर व्हायला पुण्याला गेली, पुण्यात तेव्हा इराणी मुलं पुष्कळ असायची, आणि येताना मराठी घेऊन आली. सुट्टीत ऑफिसात यायची, माझ्या टेबलावर बसून म्हणायची, काकू, ह्या दुबईत मिसळ का नाही मिळत, हा काय देश आहे. आमचे साहेब बघतच राहायचे, की पोरगी हिच्याशी काय बोलते आणि हसते काय.

मधल्या काळात तिकडं जरा मोकळं होतंय असं सगळे म्हणायला लागले. गुरुवारच्या बैठकीत आवाज खाली आले, माणसं जाऊन-येऊन राहायला लागली. साहेबही आठवडाभर गावी गेले. परत आले ते खुशीतच, म्हणाले, सगळ्या वडीलधाऱ्यांना बोलावलं, सांगितलं, आमची बाजाराजवळची जमीन आहे, तिथं असं असं हॉस्पिटल बांधतो, चालेल का. ते म्हणाले, डोळ्यांवर. म्हणजे तुम्ही द्याल ते आम्ही डोळ्यांवर ठेवू. नसरीन तेव्हा सुट्टीवर आलेली होती, तिनं तिथंच विचारलं, बाबा, किती वेळा विचारलंत. साहेब म्हणाले, विचारलं, त्यांनी हो म्हटलं, खलास. ती म्हणाली, आणि बायकांना. ते म्हणाले, त्यांच्या नवऱ्यांनीच तर हो म्हटलंय. मग ती इंग्लिशमध्ये बोलली, की बाबा, तुम्ही क्लायंट मीटिंग केलीत. साहेब चिडले. मला म्हणाले, शैला-खानुम, पुण्याला पाठवलं ते चुकलं माझं, तिथं फक्त वाद घालायला शिकवतात. मी म्हटलं, साहेब, ते मात्र खरं आहे.

पण खरं सांगायचं तर साहेब तोवर बदलले होते. काम वाढलेलं, ऑफिसात कॉम्प्युटर आलेले, पुढं तर मरीनाच्या टॉवरांची कामं सुरू झाली, तिथं कुणाला तीनदा विचारायला वेळ आहे. सकाळी विचारलं, दुपारी उत्तर, संध्याकाळी ड्रॉइंग. चहासुद्धा एकदाच विचारायचे, नको म्हटलं की पुढं. त्यांना ते कळलेलं नव्हतं. वीस वर्षं दुबईत राहिलं की माणूस दुबईचा होतो, आणि गावाकडं जातो ते जुन्याच कपड्यात आहोत असं समजून.

नकाशा मीच काढला. समोर मोठा दरवाजा, आत भला मोठा हॉल, दोन्ही बाजूला खोल्या, ऑपरेशन थिएटर, वर घुमटासारखी कमान, आजोबांच्या टाक्यावरनं घेतलेली. इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आमच्या मिरजेत असं एक हॉस्पिटल नव्हतं तेव्हा. बांधून झालं, उद्घाटनाची व्हिडिओ कॅसेट आली, एका गुरुवारी सगळ्यांनी ऑफिसात बघितली. सोहराब, जे इतकी वर्षं टोमणे मारत होते, ते रडले. म्हणाले, मोहंदिस, तू जिंकलास.

आणि मग वर्षभरानं, पाडव्याच्या आसपास, त्यांचा नवरोज असतो, मला आणि यांना घरी बोलावलं होतं. साहेबांची बहीण गावाहून आलेली. नसरीन तिला अम्मे म्हणायची, अम्मे म्हणजे आत्या. नसरीन तोपर्यंत इकडंच, अल ऐन शहरात एका हॉस्पिटलात लागली होती. साहेब यांना घेऊन बाल्कनीत बसलेले, आम्ही बायका आत. नसरीननं आत्याला विचारलं, हॉस्पिटल कसं चाललंय. आत्या बोलायची ते नसरीन मला मराठीत सांगत होती. म्हणाली, काकू, ती म्हणते फार सुंदर आहे, अल्ला भावाला आयुष्य देवो. नसरीननं चहा ओतला आणि परत विचारलं. आत्या म्हणाली, फरशी इतकी स्वच्छ की पाय ठेवायला लाज वाटते. नसरीन तिच्या जवळ जाऊन बसली, हात धरला आणि तिसऱ्यांदा विचारलं. आणि ती बाई जी रडायला लागली, की नसरीनचं भाषांतरच थांबलं.

मग नसरीननं मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. हॉस्पिटलचा दरवाजा बाजारात उघडत होता. समोर चहाची दुकानं, दिवसभर पुरुष बसलेले, हॉलमध्येही तेच, आणि आत सरकारनं पाठवलेला डॉक्टर पुरुष, तोही दर थोड्या महिन्यांनी बदलणारा. बाईमाणूस गाडीतून उतरली की सगळ्या बाजाराला कळायचं, कोण आली, कशासाठी आली. म्हणून बायका जातच नव्हत्या. आत्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तशी तिला गाडीत घालून मोठ्या शहराला नेलं, तीन तासांचा रस्ता. हॉस्पिटलच्या समोरूनच गाडी गेली. मूल वाटेत गेलं. पहिलं होतं.

नसरीननं विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही. आत्या म्हणाली, भावानं आयुष्याची कमाई ओतली, त्याला काय सांगू, तुझा दरवाजा चुकला म्हणून? आणि त्यानं परत विचारलं कुठं.

साहेब बाल्कनीच्या दारात उभे होते, कधी आले कुणाला कळलं नाही. शनिवारी ऑफिस उघडलं तसं मला म्हणाले, तो नकाशा काढा. आम्ही दोघांनी बसून मागच्या गल्लीतून वेगळा दरवाजा काढला, बायकांसाठी वेगळी बसायची जागा, आत भिंत. दोन दिवस लागले असतील, टॉवरचं काम बाजूला ठेवून. मग त्यांनी गावी वडीलधाऱ्यांना फोन लावला, माझ्यासमोरच, नवा दरवाजा काढू का विचारायला. मला फारसी तोपर्यंत थोडी कळायला लागली होती. पलीकडून म्हणाले, नको नको मोहंदिस, तुम्ही इतकं केलंत, आता कशाला त्रास, आहे तेच उत्तम आहे. साहेबांनी परत विचारलं. पलीकडून परत तेच, आम्हाला लाजवू नका. मी मनात म्हटलं, आता परत विचारतील. त्यांनी फोन ठेवला.

का ठेवला, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांना ठाऊक होतं हो, त्यांनीच तर मला शिकवलं होतं. पण माणूस दुखावला की ऐकायचं तेवढंच ऐकतो. नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाले, खलास शैला-खानुम, टॉवर का निकालो.

नसरीननं मात्र सोडलं नाही. आधी रजेत गावी जायला लागली. हॉस्पिटलात नाही बसली, आत्याच्या घराच्या आतल्या अंगणात चटई टाकून बसली, आणि बायका यायला लागल्या, मागच्या दारानं, लेकरं घेऊन, सासवा घेऊन. साहेबांना ते फार लागलं. म्हणाले, मी खोल्या बांधल्या आणि माझी पोरगी चटईवर पेशंट तपासते, म्हणजे गावाला दाखवते की बाप मूर्ख. ती म्हणाली, बाबा, मी दाखवत नाहीये, मी तपासतेय. मग तिनं अल ऐनची नोकरी सोडली आणि कायमची गेली. जायच्या आधी ऑफिसात आली होती, साहेब केबिनमधून बाहेर आले, म्हणाले, काय पाठवू तिकडं. ती म्हणाली, काही नको, तुम्ही या. ते मान हलवून आत गेले. गावी गेले नाहीत अजून. सोहराब आता येतात तेव्हा देशाचा विषयच काढत नाहीत, गुडघ्यांविषयी बोलतात.

आता बाप-लेकीचं बोलणं नाही. म्हणजे भांडण म्हणावं तर तेही नाही. ती फोन करते तो मला, मराठीत, काकू, काय चाललंय, निखिल अभ्यास करतो का, आणि मग हळूच तिकडचं सांगते, आज कुणाचं बाळंतपण झालं, कुठली सून हसली. फोन ठेवला की मी नकाशा दाखवायच्या निमित्तानं केबिनमध्ये जाते आणि साहेबांना हिंदीत सांगते. इराणातली बातमी पुण्याच्या मराठीतून माझ्याकडं, माझ्याकडून त्यांच्याकडं. ते मान वर करत नाहीत. अच्छा, म्हणतात.

परवा तिचा फोन आला, काकू, अंगणाला लागून एक खोली बांधायची आहे, बायकाच म्हणतात, बाबांना सांग ना नकाशा पाठवायला. मला इतका आनंद झाला, जवळजवळ पळतच आत गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, तिथं पण इंजिनिअर आहेत आता, शिकलेली मुलं आहेत, त्यांना म्हणावं काढायला, मला तिथलं काय कळतं. मला वाईट वाटलं, मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, काकू, बाबा बरोबर बोलले. आणि निखिलचं न विचारताच फोन ठेवला. आता ते रागानं बोलले की शहाणपणानं, मी सांगू शकत नाही, त्यांना तरी सांगता येईल का माहीत नाही. खोली तिथलाच कुणी पोरगा बांधतोय.

आम्ही पुढच्या वर्षी मिरजेला परत जायचं म्हणतोय, निखिल म्हणतो, यू बोथ गो. बघू, इन्शाल्ला. मला काळजी एवढीच की मी गेल्यावर या बाप-लेकीचे निरोप कोण नेणार. देव त्या पोरीच्या हाताला यश देवो आणि या माणसाला चार दिवस तिकडं जायची बुद्धी. परवा संध्याकाळी घरी निघताना साहेबांनी मला थांबवलं, वाटलं ड्रॉइंगचं काही असेल. म्हणाले, तिला विचारा, जेवते का वेळेवर. मी म्हटलं, साहेब, नंबर लावून देऊ का. नको म्हणाले. पहिलाच नको होता. मी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.