नावाच्या रकान्यात फक्त नाव

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायला परबसाहेब आहेत, त्यांचा किस्सा ऐका. घरून काम करणारे ज्या सॉफ्टवेअरमधून ऑफिसच्या सर्व्हरवर येतात, त्याच्या सुरक्षेत मला एक भोक सापडलं. लॉगिनच्या पानावर नावाच्या जागी प्रोग्रामचा कोड टाकला की लॉगिन फेल जायचं. पण परबसाहेब फेल गेलेल्या लॉगिनची यादी उघडायचे, तेव्हा तो कोड त्यांच्याच स्क्रीनवर चालायचा. मी त्यांना करून दाखवलं. त्यांनी यादी उघडली आणि मधोमध चौकट आली: ‘परबसाहेब, जेवलात का?’

ते खुर्चीतून उठलेच. “हे कोणीही करू शकतं?”

“कोणीही. आणि तो जेवणाचं नाही विचारणार. तुमच्या नावाने अख्खा सर्व्हर चालवेल.”

“वाट लागली रे! थांब, आजच बंदोबस्त करतो.”

मला वाटलं, सॉफ्टवेअरवाल्यांकडून दुरुस्ती मागवतील. संध्याकाळी लॉगिनच्या पानावर लाल अक्षरांत सूचना लागली: ‘नावाच्या रकान्यात फक्त नावच लिहावे. तेथे लिहिलेला कोड आत चालतो, याची नोंद घ्यावी. हुकुमावरून.’

मी म्हटलं, “साहेब, हे पान अख्ख्या जगाला दिसतं!”

“माहितीये ना,” परबसाहेब म्हणाले. “म्हणून तर खाली इंग्रजीतही लिहिलंय.”