आज कितवा दिवस

(शिनोलीकडच्या रस्त्यावरची एक माध्यमिक शाळा, सन २००३. शाळा सुटली आहे. शिक्षकखोलीत दत्तासर आणि नवे संगणकशिक्षक पीयूषसर.)

पीयूष : म्हणजे सर, नव्या वेळापत्रकात सोमवार-मंगळवार हे प्रकरणच बंद. शाळेत दिवस एक, दिवस दोन, असं दहापर्यंत जायचं आणि परत एकवर यायचं. मध्ये सुट्टी आली की गाडी थांबते. सुट्टीनंतर जिथं होती तिथूनच पुढं.

दत्ता : आणि विशेष दिवस?

पीयूष : गॅदरिंग, खेळ, सहल, ते सगळे चक्राच्या बाहेर. त्या दिवशी आकडाच लागत नाही. कुणाचा तास बुडायचा प्रश्नच नाही.

दत्ता : मुलांना वार तरी लक्षात राहतील का?

पीयूष : वार घरी कॅलेंडरवर आहेत की. टेन्शन घेऊ नका, सर.

दत्ता : टेन्शन नव्हे. इतकी वर्षे शाळेचे वेळापत्रक मी हाताने आखले. त्याची काळजी करण्याची सवय तेवढी मागे राहिली आहे.

पीयूष : तुमचं काम एक नंबरच. तुमच्या वेळापत्रकाचा पुठ्ठा समोर ठेवून तर मी कॉम्प्युटरवर मांडलं. फक्त एक गोष्ट खटकली. चित्रकला कायम बाजाराच्या दिवशी, आणि अर्धा वर्ग बाजारात. आता तास फिरत राहणार. रोहिणीबाई म्हणाल्या, या शाळेत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या विषयाचा विचार केला.

दत्ता : असे म्हणाल्या?

पीयूष : हो ना. इतक्या खूश, की म्हणाल्या पाट्या मी रंगवते. रोज गेटवर त्या दिवसाची पाटी लावायची. उद्याच्या पालकसभेत त्याच दाखवायच्यात. संस्थेचे अध्यक्ष गेणभाऊ पण येतायत. गेल्या महिन्यात त्यांची आई गेली ना, त्यानंतर पहिल्यांदाच.

दत्ता : येऊ द्या.

पीयूष : सर, कागद मी तुम्हाला सोमवारीच दिला होता. काही चुकत असेल तर आत्ता सांगा. मी नारायणगावात पप्पांच्या दुकानात वाढलेला माणूस. शाळेतलं आणि गावातलं तुम्हाला जास्त कळतं.

दत्ता : काही चुकत नाही.

पीयूष : नक्की?

दत्ता : म्हटले ना मी.

पीयूष : मग डन. हेडसरांकडे जाऊन प्रिंट दाखवतो. या, रोहिणीबाई. झाल्या का पाट्या? वा. दत्तासर, तो आठाचा आकडा बघा, कसा वळवलाय. आलोच मी.

रोहिणी : गेले बी. कायम घाईत. तुमी तरी बगा, सर. मान वर करा.

दत्ता : पाहिल्या. अक्षर सुंदर आहे.

रोहिणी : आकडे हायेत हे. तुमी बगितलंच न्हाई.

दत्ता : तुम्ही आनंदात दिसता.

रोहिणी : लई. बाजाराच्या दिवशी रिकाम्या बाकांना फुलदाणी काढायला शिकवत व्हते मी. तुमाला कधी बोलले न्हाई, वाईट वाटंल म्हणून. पीयूषसरांनी न सांगता वळखलं.

दत्ता : त्यांना बऱ्याच गोष्टी न सांगता कळतात.

रोहिणी : आज तुमचं तोंड कडू हाय. घरी तर भांडायला कोन न्हाई, मग पुस्तकांशीच भांडून आला का?

दत्ता : उद्या सभेत पीयूषसर बोलणार असतील.

रोहिणी : न्हाई, मी. ते म्हणाले, पाट्या तुमच्या, मान तुमचा. एकेक पाटी वर धरून सांगायचं, आज पहिला, मग दुसरा. शेवटची गेणभाऊंच्या हातात द्यायची. त्यांनी ती समद्यांना दाखवायची. माझीच आयडिया हाय ती.

दत्ता : तुम्ही देणार?

रोहिणी : का? मला बोलता येत न्हाई का चार लोकांत?

दत्ता : रोहिणीबाई, ती शेवटची पाटी हातात घ्या. आणि मुले घरी जाऊन जसे सांगतील, तसे मोठ्याने म्हणा.

रोहिणी : आज शाळेत दिवस दहा.

दत्ता : मुले असे म्हणणार नाहीत.

रोहिणी : आज शाळेत दहावा दिवस... आज शाळेचा दहावा. अगं बाई.

दत्ता : कागदावर केवळ आकडा दिसतो. उच्चारल्यावर नदीकाठ दिसतो.

रोहिणी : गेणभाऊंच्या हातात दहावा देणार व्हते मी. त्येंच्या आईचा दहावा होऊन महिना न्हाई झाला. भर सभेत. बरं झालं सर, आत्ता ध्यानात आलं तुमच्या.

दत्ता : आत्ता नाही.

रोहिणी : मग?

दत्ता : सोमवारी. कागद वाचतानाच.

रोहिणी : सोमवारपासून मी महाळुंग्याला घरी रात्री जागून, आईची बोलणी खात पाट्या रंगवतीय. रोज तुमाला दाखवत व्हते, किती झाल्या म्हणून.

दत्ता : सभेत पीयूषसर उभे राहतील आणि लोक त्यांच्याकडे पाहतील, एवढेच माझ्या मनात होते. तिथे तुम्ही असाल, हे मला ठाऊक नव्हते.

रोहिणी : म्हंजे त्येंची फजिती झालेली चालली असती?

दत्ता : हो.

रोहिणी : त्येंनी तुमचं काय घेतलं वो?

दत्ता : बाजाराच्या दिवशी तुमच्या तासानंतर शेवटचा तास आपल्या दोघांनाही मोकळा असतो. तुम्ही त्या खिडकीपाशी बसून पेन्सिलींना टोक करता. मी वह्या तपासतो. म्हणजे उघडून बसतो. बोलणे फारसे होत नाही. पण आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या तासाच्या दिशेने चालत असतो. नव्या वेळापत्रकात तो तास राहिलेला नाही.

रोहिणी : चित्रकला तिथं मुद्दाम ठेवली व्हती तुमी?

दत्ता : हो.

रोहिणी : माझा तास. आणि मला न इचारता.

दत्ता : विचारण्याचे धैर्य असते, तर वेळापत्रकाचा आधार घ्यावा लागला नसता.

रोहिणी : आता ह्या पाट्यांचं काय करू ते सांगा.

दत्ता : आकड्यांवर रंगाचा हात फिरवा आणि प्रत्येक पाटीवर एक फूल काढा. शेवंती, अबोली, जाई. क्रम तोच राहील. मुले म्हणतील, आज शेवंती, उद्या अबोली.

रोहिणी : हे बी सोमवारीच सुचलेलं?

दत्ता : हो.

रोहिणी : सोमवारी लई सुचलं तुमाला. बसा. मी त्येंना सांगून येते, आणि हे ब्रश बी धुवायचेत नळावर.

दत्ता : मी येऊ का?

रोहिणी : नको.

दत्ता : परत आलात. पीयूषसर भेटले?

रोहिणी : नळापाशीच भेटले. आदी हसले, मग गेणभाऊंचं आठवलं आणि तोंडच उतरलं. फुलं मातर लई आवडली. आता हेडसरांना सांगायला गेलेत, दत्तासरांनी वाचवलं म्हणून.

दत्ता : मला सोमवारपासून ठाऊक होते, हे सांगितलेत?

रोहिणी : न्हाई. आत्ता पाट्या बगताना तुमच्या ध्यानात आलं, असं सांगितलं.

दत्ता : का?

रोहिणी : त्येंना वाईट वाटलं असतं. लई मानत्यात ते तुमाला.

दत्ता : आणखी काही म्हणाले?

रोहिणी : म्हणाले, दत्तासरांसारखा मोठ्या मनाचा माणूस बगितला न्हाई.

दत्ता : आणि तुम्ही काय म्हणालात?

रोहिणी : मी ब्रश धूत व्हते.