बायकोलाही चालणारं कार्ड

अल्जीरियातल्या कॉन्स्टँटाइन शहरात औषधाच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारी उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले विधुर तय्यब, ज्यांना सगळे आदरानं ‘सी तय्यब’ म्हणत, आणि त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी विधवा झुलीखा.

“आजही निम्मंच इन्सुलिन घेणार ना?” सी तय्यबनी विचारलं.

“पुरवून पुरवून वापरते. आमचा माणूस गवंडी, त्यानं विमा कुठला भरलेला?”

“माझ्या सरकारी कार्डावर मला सगळं फुकट मिळतं. बायकोलाही मिळतं.”

“तुमची बायको तर गेली.”

“म्हणून तर जागा रिकामी आहे.”

“लोक म्हणतील, म्हातारी इन्सुलिनसाठी नांदायला गेली.”

“मी सांगेन, माझ्या रूपावर भाळली.”

“एवढं खोटं कार्डावर खपायचं नाही, सी तय्यब.”

“मागच्या महिन्यात तुम्ही जिन्यात चक्कर येऊन पडलात. मी उचललं तुम्हाला. तेव्हापासून रात्री वर तुमची पावलं ऐकू आल्याशिवाय मला झोप येत नाही.”

झुलीखा रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

“शुक्रवारी या. मुलगा घरी असतो. त्याच्यापुढे कार्डाचं नाव काढू नका. आता बोललात, तेवढंच बोला.”