पलीकडचं पाणी

गोल बाजारच्या स्टॉपवर माझ्यामागे एक आत्या आणि तिचा भाचा बसची वाट पाहत उभे होते.

"शिशिर, तू टेकाडाच्या खाली काहून घर बांधून राहिला रे?"

"आपलं शहर राजधानी झाल्यापासून वर जागाच कुठं उरली, आत्या? नवी कॉलनी खालीच आहे."

"खाली धानाची शेतं होती. आपले लोक वर बसले, कारण पलीकडचं सारं पाणी ते टेकाड तलावाकडं वळवते. पोळ्याच्या बैलापुरती मातीही कोणी त्या टेकाडावरून काढत नव्हतं."

"हव, माहीत आहे मले."

"मले झोप नाही येत रे. पाणी इकडं आलं तर? घरात लहान पोट्टी आहे."

"टेन्शन नको घेऊ. जोतं चांगलं कमरेइतकं उंच केलं. खाली मुरमाची पक्की भरती आहे."

"मुरूम कुठून आणला?"

"बस आली, आत्या. चल."

"येऊ दे. मुरूम कुठून आणला, शिशिर?"

"टेकाडावरूनच. साऱ्या कॉलनीनं तिथूनच उचलला."