आप्पांची वाचा

आप्पांचं नाव निघालंच आहे, तर त्यांची वाचा कशी परत आली ते ऐका. आप्पा म्हणजे माझे आजोबा. आता नाहीत ते. साखर कारखान्यात इंजिनियर होते, पण जीव सगळा गोल्फमध्ये. आता श्रीपुरात कुठलं आलंय गोल्फचं मैदान? ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात खड्डे करून एकटेच खेळायचे, तोंडानं भजन चालू. आजी म्हणायची, "बघा, म्हातारा उन्हात काठी घेऊन नाचतोय."

मग अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बोलणंच गेलं. आम्ही आवडीची भजनं लावली, गाडीत बसवून उजनी धरणावरचे पक्षी दाखवून आणले. डोळ्यांत पाणी यायचं, शब्द मात्र नाही.

एका सकाळी आजीनं त्यांची खुर्ची अंगणात ठेवायला लावली. पदर खोचला, गोल्फची काठी कुदळीसारखी धरली आणि चेंडू सोडून आभाळाकडं बघत हाणली. चेंडू जागेवरच, माती मात्र आप्पांच्या अंगावर!

"अगं, मान..." खुर्चीतून घोगरा आवाज आला.

आजी वळली. "काय म्हणालात?"

"मान खाली... घाल की!"

आजी तिथंच मातीत बसली. हसत होती, रडत होती. मला म्हणाली, "लगीन झाल्यापासनं ह्यांनी माझ्यावर कदी मान खाली घालायची वेळ आणली न्हाई बघ. आज पहिल्यांदा घाल म्हणले, तर लई गोड वाटलं!"