हातोडा माझाच आहे

...नाही हो, हातोडा माझाच आहे, नाकारतोय कोण? दांड्याला निळी चिकटपट्टी आहे ना, तीही मीच लावलीय, बघा, फिरवा सगळ्यांत! पण सेक्रेटरीसाहेब, तुम्ही आत्ता तक्रार वाचलीत, 'तिसऱ्या मजल्यावरील इसम रोज सकाळी अकरा वाजता जमीन फोडतो'... अहो, फोडतो काय? दोनदा ठोकतो! मोजून दोनदा! फोडाफोडी झाली ती एकदाच, आणि काय काय फोडलं ते तुम्हाला सांगतो, जिन्याखाली बैठकीला बोलावलंच आहेत तर आता ऐकाच. आणि जरा जवळ सरका ना सगळे. किती बरं वाटतंय! अठरा माणसं... आणि सगळ्यांना पाय! तीन वर्षं घरून काम, सगळी माणसं पडद्यावर; छातीच्या खाली माणूस बघितलेला नाही.

तर माझं काम काय? तक्रारी. कपडे धुवायच्या मशीनच्या. घरात बसून, एका खोलीत, ऑफिसची असते तसल्या चाकांच्या खुर्चीवर. लोक लिहितात, 'तुमच्या मशीनने माझा लग्नाचा कोट खाल्ला, तुमचं वाटोळं होवो!' मी लिहितो, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' खाली एक बटण असतं, 'निकाली'. ते दाबलं की माणूस संपला! पडद्यावरून गायब! एक बाई लिहिते, 'हे मशीन मी गॅलरीतून तुमच्या टाळक्यात टाकणार आहे'... आपल्या भावना आम्ही समजू शकतो. निकाली! दिवसाला दोनशे. आणि जिभेला हे वळण लागलं की सुटतंय का? ताईचा फोन आला, माझी सख्खी ताई, म्हणाली, 'अरे, मला रात्रभर झोप नाही, तुझी काळजी वाटते रे.' आणि मी काय म्हणालो असेन? ...हसू नका! तेच म्हणालो! तिने फोन ठेवला तो महिनाभर केलाच नाही. बहीण निकाली!

हातोड्यावरच येतोय, साहेब, येतोय. हातोडा माझाच आहे, नाकारतोय कोण? पण आधी ऑफिसातला हिशेबनीस ऐका. पूर्वी आम्ही ऑफिसात जायचो तेव्हा तो माझ्या कानाशी फुर्र... फुर्र... करून चहा प्यायचा. वाटायचं, तो कप त्याच्या घशात कोंबावा! आणि गेल्या वर्षी एका दुपारी मी चहा प्यायलो, घरात चिटपाखरू नाही, आणि मी स्वतःच फुर्र केलं. मुद्दाम. नुसतं ऐकायला. आणि ओक्साबोक्शी रडलो की हो!

मग आमच्या कंपनीला जाग आली, की घरून काम करणाऱ्यांची डोकी फिरायला लागलीत. लगेच एक समुपदेशक बाई आणल्या. पडद्यावरच! आवाज असा, की मधाची बाटली उपडी केलीय. 'आज आपण नाऽऽ... मनात साठलेला राग बाहेर काढणार आहोत हंऽऽ... सगळ्यांनी ओरडायचं... अगदी पोटातून... मात्र त्याआधी आपापला माइक बंद करा हं, इतरांना त्रास नको.'

ऐकलंत? माइक बंद करून ओरडा!

शेहेचाळीस चौकटी, शेहेचाळीस माणसं, सगळ्यांनी 'आ' वासलेला, मानेच्या शिरा टरटरून फुगलेल्या, डोळे बाहेर... आणि आवाज? शून्य! पंखा ऐकू येतोय! तो हिशेबनीससुद्धा, पडजीभ दिसेपर्यंत ओरडतोय बिचारा, आणि फुर्रसुद्धा नाही! मीही तोंड उघडलं. आणि तुम्हाला सांगतो, माझा आवाजच निघेना. माइकचा नाही, माझा! घशातून नुसती हवा. मी घाबरलो. खरंच सांगतो, म्हटलं, संपलो आपण, आता वेड लागतंय.

खणात हातोडा होता. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा म्हणून आणलेला. आधी खुर्ची! पहिल्या घावात हात मोडला तिचा, दुसऱ्यात पाठ, चाकं तर एकेक करून ठेचली, खिदळत! मग प्रिंटर... त्याची बत्तीशी घशात घातली! मग कपाटाचं दार, मग आरसा, आरशात मी होतो म्हणून त्याला चार जास्त! काच हाताला लागली, रक्ताची धार, आणि तेव्हा कुठे घसा फुटला, असा ओरडलो, असा ओरडलो, की भिंतीचा पोपडा पडला!

आणि पडद्यावर? काही नाही! अहो, माझ्यामागे तो खोटा देखावा लावलेला होता, पुस्तकांचं कपाट आणि कुंडी! त्या देखाव्यात मोडतोड दिसत नाही, हातोडा दिसत नाही, काही म्हणजे काही नाही! दिसलं काय, तर एक माणूस पुस्तकांपुढे छान उड्या मारतोय! समुपदेशक बाई म्हणतात, 'वाऽऽ, काय ऊर्जा आहे!' आमच्या साहेबाने अंगठा पाठवला. वर एक अर्ज आला, 'सत्र कसं वाटलं, पाचपैकी किती तारे?' मी रक्त पुसत पाच दिले.

आणि तेवढ्यात दार वाजलं. दार! माझं! उघडतो तर खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई, ह्या काय, पहिल्या रांगेत बसल्यात, काठी उगारून उभ्या. 'कोण मेलं?' म्हटलं, 'कोणी नाही, काम चालू आहे.' तर माझ्याकडे बघतच राहिल्या. 'इथे कोणी राहतं? मला वाटलं वरचं घर रिकामं आहे!'

तीन वर्षं, साहेब. ह्यांच्या डोक्यावर नऊ फुटांवर मी बसलोय, आणि घर रिकामं!

हात धुतला ह्यांनी, पट्टी बांधली, दरडावून भात खायला लावला. जाताना म्हणाल्या, 'मीही दिवसभर भिंतीशीच बोलते हो. असं करा, रोज अकराला जमिनीवर दोनदा ठोका. मी काठीने छताला दोनदा ठोकेन. म्हणजे दोघंही जिवंत. ठोका आला नाही, तर मी वर येईन.' चार महिने झाले, एक दिवस चुकलेला नाही. सकाळी उठतो ते त्या अकरासाठी उठतो, दुसरं काही नाही. आता कळलं? म्हणून म्हणतो, हातोडा माझाच आहे, नाकारतोय कोण... पण तो काढून घेऊ नका हो. हात जोडतो.

काय म्हणालात, साहेब? ...परत म्हणा.

'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.'

संपलं! अहो, हे वाक्य मला शिकवता? ह्याच्यापुढचं बटण मला ठाऊक आहे! ...बाई, तुम्ही कशाला काठी आपटताय? बघा, साहेबांनी तक्रारीत काठीचंही नाव लिहून घेतलं!

बरं. घ्या हातोडा. निळी पट्टी सोलू नका तेवढी. बाई, उद्या अकराला डोकं आपटतो दोनदा... तुम्ही झाडू घ्या.